मुंबईतला वसंत: फेब्रुवारी ते एप्रिल कुठे जावं, काय पाहावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माघ सरत आला की ओळखीपाळखीतून तेच प्रश्न दरवर्षी येऊ लागतात. फ्लेमिंगो आले का, हायवेवरची ती गुलाबी झाडं कुठली, पाडव्याला गिरगाव की डोंबिवली, हापूस एवढ्यात घ्यावा का. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरारकडे राहणाऱ्यांना आणि या दिवसांत इथे पाहुणे म्हणून येणाऱ्यांना ती उपयोगी पडतील.

मुंबईत खरंच वसंत असतो का? आम्हाला तर थंडी संपली की थेट उन्हाळाच जाणवतो.

असतो. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण मुंबईची झाडं तेवढं थांबत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काटेसावरीची पानं गळून फांद्यांवर लाल फुलं आलेली असतात. मार्चमध्ये पिंपळाला तांबूस पालवी फुटते, करंज नव्या पानांनी चमकू लागतो, कडुनिंबाला बारीक पांढरा फुलोरा येतो आणि पहाटे चार वाजल्यापासून कोकीळ ओरडू लागतो. हे सगळं साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं. त्यानंतर मात्र घामाचे दिवस.

तो दिसत नाही याचं कारण आपण त्याला भलत्या वेळी शोधतो. मुंबईचा वसंत सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर असतो. या दोन वेळा धरल्या, आणि सोबत तिथी व भरती-ओहोटी पाहायची सवय लावली, तर हे अडीच महिने वर्षातले सगळ्यात भरलेले वाटतील.

मार्चमध्ये अचानक एखाद्या दिवशी एवढं का तापतं?

वाऱ्यामुळे. एरवी सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वारा येतो आणि दुपार व्हायच्या आत समुद्राकडून खारा वारा सुरू होऊन तापमान आटोक्यात ठेवतो. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला आत यायला दुपारचे दोन वाजतात. तेवढ्या वेळात शहर भाजून निघतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत मार्चचं आजवरचं सर्वाधिक तापमान २८ मार्च १९५६ रोजी नोंदलं गेलं, ४१.७ अंश सेल्सिअस. म्हणजे ही तलखी आजकालची नाही.

हवामान खात्याने उष्णतेचा इशारा दिला असेल त्या दिवशी डोंगर, किल्ले, बोटी हे सगळं पुढे ढकला. घरात पडदे ओढून पन्हं प्या आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर याबाबतीत अजिबात हट्ट करू नये.

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला फुलणारी गुलाबी झाडं कुठली? ती कधी पाहायची?

तो टॅबेबुया रोझिया, मूळचा मध्य अमेरिकेचा. विक्रोळी ते घाटकोपर या पट्ट्यात हायवेच्या कडेला त्याची ओळच्या ओळ आहे. पानं गळतात आणि अख्खं झाड फिकट गुलाबी होतं. साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर बहर असतो, पण एकेका झाडाचा भर थोडेच दिवस टिकतो. तेव्हा 'पुढच्या रविवारी जाऊ' म्हणू नका. फोटोसाठी हायवेवर गाडी थांबवू नका, तो धोकाच आहे. सर्व्हिस रोडने पायी गेलात तर खाली पडलेल्या फुलांचा सडाही पाहता येतो.

टॅबेबुया देखणा आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मुंबईकरांनी वसंतात एवढीच एक ओळ पाहून घरी परतावं हे मला पटत नाही. आपली मातीतली झाडं याच दिवसांत फुलतात आणि त्यांच्यावरची गजबज बघण्यासारखी असते. काटेसावरीच्या जाड पाकळ्यांच्या फुलात रस भरलेला असतो. तो प्यायला मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर आणि भोरड्यांचे थवे सकाळीच येतात. भोरड्या हे पाहुणे पक्षी, एप्रिलपर्यंत निघून जातात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुख्य दरवाजापासून आत चालत गेलं की सावरी दिसू लागतात. एका सावरीखाली अर्धा तास शांत बसलं तर जेवढे पक्षी दिसतात तेवढे दिवसभर भटकूनही दिसत नाहीत.

पळस पाहायचा तर शहराची कड गाठावी लागते. ठाण्याचं येऊर, कर्नाळा, किंवा लोकलने कल्याणच्या पुढे कसारा किंवा कर्जतकडे. मार्चच्या सुरुवातीला खिडकीशी बसलं की सुक्या तपकिरी माळावर मधेच केशरी झाड पेटलेलं दिसतं. पांगाराही याच सुमाराचा, लालभडक, आणि तो जुन्या वाड्यांच्या कुंपणात अजून टिकून आहे. जंगलात कुसुंब असेल तर त्याची नवी पालवीच इतकी लाल असते की लांबून फुलं वाटावीत.

आणखी एक फूल पाहायचं नसून घ्यायचं आहे: सुरंगी. कोकणातून येणारे सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, या दिवसांत दादरच्या फूलवाल्यांकडे थोडे दिवस दिसतात. दिसले की घ्या. सुकल्यावरही वास जात नाही.

शहराच्या मधोमध, मुलांना घेऊन, एका सकाळीत काय पाहून होईल?

भायखळ्याची राणीची बाग. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं आजचं नाव. ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बहुतेक कुटुंबं पेंग्विन आणि वाघ पाहून बाहेर पडतात, पण मुंबईतला जुन्या झाडांचा सर्वांत मोठा संग्रह इथेच आहे. मूळची म्यानमारची उर्वशी इथे आहे. तिचे लालसर, झुंबरासारखे लोंबणारे घोस साधारण याच दिवसांत दिसतात. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, ती मुलांना फार आवडतात. गोरखचिंचेचा घेर मोजायला लावा, मुलं खूश होतात. झाडांवर नावाच्या पाट्या आहेत.

बाग बुधवारी बंद असते. शनिवार-रविवारी दुपारनंतर भयंकर गर्दी होते, म्हणून दरवाजा उघडतानाच आत शिरा. थंडीच्या शेवटी महापालिकेचं फुलांचं प्रदर्शनही इथेच भरतं. त्याची तारीख वर्तमानपत्रात येते.

फ्लेमिंगो कुठे आणि केव्हा दिसतात?

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ते यायला लागतात आणि मेअखेरपर्यंत बरेचसे असतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वांत चांगला काळ. तोवर संख्या भरलेली असते आणि पिसांचा रंगही खुललेला असतो. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. आपल्याकडे दोन जाती दिसतात. छोटा रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लाल. मोठा रोहित उंच, पांढरट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. खाडीच्या चिखलातल्या शेवाळात जी रंगद्रव्यं असतात, तीच पिसांत उतरतात.

जागा अनेक आहेत, मात्र प्रत्येकीची वेळ वेगळी.

शिवडीची जेट्टी सगळ्यात जुनी आणि प्रसिद्ध. हार्बर लाइनवर शिवडीला उतरून पूर्वेकडे जायचं. ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात, नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन-तीन तास आणि भरती उतरू लागल्यानंतरचे दोन-तीन तास उत्तम. इथे तोंड पूर्वेला होतं, त्यामुळे सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि पक्षी काळे दिसतात. फोटो काढायचे असतील तर संध्याकाळची भरती निवडा. अटल सेतू इथूनच सुरू होतो, तोही समोर दिसतो.

नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळकडे टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ जागा आणि डीपीएस तलाव. खाडीतला चिखल भरतीने बुडाला की पक्षी या उथळ पाण्यात विसाव्याला येतात. म्हणजे इथे ऐन भरतीच्या वेळी जायचं. टी. एस. चाणक्यकडे तोंड पश्चिमेला असतं, म्हणून सकाळ चांगली. कधी हजारो पक्षी असतात, कधी एकही नसतो. पाणथळीत भरतीचं पाणी नीट येतं की नाही यावर सगळं अवलंबून आहे. या जागा टिकाव्यात म्हणून आसपासचे रहिवासी कित्येक वर्षं झगडत आहेत. तुम्ही पाहायला गेलात, मुलांना दाखवलंत, तर त्यांच्या म्हणण्याला वजन येतं.

ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत बोट नेतात. बोटीची वेळ भरतीप्रमाणे बदलते आणि जागा लवकर भरतात, म्हणून आधी नोंदणी करून जा. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हीच जागा सुचवेन. पक्षी जवळून दिसतात, तिवरांचं जंगल दिसतं आणि माहिती सांगणारं माणूस बरोबर असतं.

दुर्बीण असेल तर न्या. ड्रोन उडवू नका, थवा उडावा म्हणून दगड मारू नका, टाळ्या वाजवू नका. एकदा उठवलेला थवा खाणं सोडून बराच वेळ घिरट्या घालतो.

भरतीची वेळ कशी कळणार?

भरती-ओहोटीचे तक्ते इंटरनेटवर मिळतात, जाण्याआधी तेच पाहावेत. पण घरच्या दिनदर्शिकेवरून अंदाज बांधायची कोकण किनाऱ्यावरची जुनी रीत शिकून ठेवा, फार कामाची आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीचे वाजले तेवढे. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. षष्ठीला साडेचार. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी.

यावरून बेत आखता येतो. शिवडीला संध्याकाळी जायचं तर पंचमी ते सप्तमी बघा. टी. एस. चाणक्यला सकाळी जायचं तर दशमी ते द्वादशी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे भर उन्हात. तेव्हा पक्ष्यांऐवजी खडकाळ किनारा धरावा. तो कसा ते पुढच्या उत्तरात.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत खेळण्यापलीकडे मुलांना काय दाखवता येईल?

ओहोटीतले खडक. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाण असतं. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली खोल उतरतं आणि सकाळी सहा-सातला एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. हाजी अली, गिरगाव चौपाटीची कड, वांद्र्याचा कार्टर रोड इथल्या खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, कालवं, रंगीत शेवाळ आणि नशीब असेल तर छोटा ऑक्टोपसही दिसतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी अशा फेऱ्या नेतात. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जाणं बरं, कारण कुठे पाहायचं ते कळतं.

रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट हवेत. शेवाळावर पाय सटकतो आणि कालवांची धार ब्लेडसारखी असते. दगड उचलून पाहिला तर होता तसा परत ठेवा. काही घरी आणू नका. पाणी वळलं की लगेच परत फिरा.

होळीला काय करावं?

पुरणपोळी घरची आणि होळी चाळीची किंवा सोसायटीची. पण एखाद्या वर्षी कोळीवाड्यात जाऊन पाहा. वरळी, माहीम, वेसावे इथल्या कोळी लोकांचा हा वर्षातला मोठा सण. होड्या सजतात, बायका दागिने आणि पारंपरिक लुगडी नेसून निघतात, रात्रभर गाणी चालतात. ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याबरोबरच जा. माणसांचे फोटो विचारून काढा.

रंगासाठी पळसाची खाली पडलेली फुलं गोळा करून पाण्यात उकळा, सुरेख केशरी रंग उतरतो. होळीसाठी उभं झाड तोडू देऊ नका, आणि त्या दोन दिवसांत लोकलच्या दारात उभं राहू नका. रुळांच्या कडेने फुगे मारणारे अजूनही असतात.

पाडव्याची शोभायात्रा कुठली पाहावी? गिरगाव, डोंबिवली की ठाणे?

डोंबिवलीने सुरुवात केली. तिथल्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि पुढे गावोगाव ती पद्धत पसरली. आजही तिथे घरच्या कार्याचा भाव आहे. शाळा, मंडळं, भजनी, सायकलवाले, संस्कृत बोलणारे, सगळे आपापल्या पथकात. फडके रोडवर ओळखीचे चेहरे भेटतात आणि तासभर तिथेच जातो. ठाण्याच्या यात्रेचं केंद्र कौपिनेश्वर मंदिर, आणि आदल्या संध्याकाळी मासुंदा तलावाकाठी दिवे लागतात. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी असतील तर मी ठाणं निवडेन.

गिरगावची यात्रा सर्वांत भव्य. फडके गणपती मंदिरापासून निघते. ढोल-ताशा पथकं, लेझीम, चित्ररथ, आणि नऊवारी, फेटा, नथ अशा थाटात बुलेटवर येणाऱ्या बायका. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंच्या चाळींच्या गॅलऱ्यांत माणसं आणि वर गुढ्या, त्यामुळे ढोलाचा आवाज छातीत घुमतो. सकाळी साडेसात-आठलाच पोहोचा. दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी चर्नी रोडला उतरून चालत यावं लागे. आता भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानक अगदी तिथेच आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतची ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तान्ह्या बाळांना ढोलाजवळ नेऊ नका, कानांना त्रास होतो.

आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फूलबाजारात जाणं हाही पाडव्याचा भागच म्हणायचा. झेंडूचे ढीग, आंब्याचे डहाळे, कडुनिंब, साखरेच्या गाठी, बांबू. भाव दुपारपर्यंत चढत जातो आणि रात्री उशिरा कोसळतो. पण रात्रीची फुलं कोमेजलेली असतात, म्हणून पहाटच बरी. जाताना कापडी पिशवी न्या.

चैत्रात आणखी काय काय असतं?

तृतीयेपासून घराघरांत चैत्रगौर बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. त्या महिन्यातलं हळदीकुंकू म्हणजे आंबेडाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली इथल्या जुन्या घरांत आणि मंडळांत आरासही असते. कुणी बोलावलं तर कामाचं निमित्त काढून टाळू नका.

नवमीला वडाळ्याच्या राममंदिरात रामजन्म. सप्तमीला कार्ल्याला एकवीरेची पालखी. आगरी-कोळी समाज मुंबई-रायगडातून लोटतो, गर्दी प्रचंड असते. एकवीरेबरोबर शेजारचं चैत्यगृह निवांत पाहायचं असेल तर यात्रा सोडून दुसरा दिवस धरा. देशातल्या कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठं. १४ एप्रिलला दादरची चैत्यभूमी पहाटेपासून जागी असते, आणि आदल्या मध्यरात्रीपासून वस्त्यावस्त्यांत भीमगीतं चालू असतात. हा दिवस मुंबईत राहून ज्याने जवळून पाहिला नाही त्याने एकदा जरूर पाहावा.

हापूस कधी घ्यावा?

पाडव्याला देवापुढे ठेवायला दोन-चार आणा. पोटभर खायला मात्र एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा. आवक वाढते, भाव उतरतो आणि मुख्य म्हणजे फळ झाडावर नीट तयार झालेलं असतं. मार्चमधली पेटी बरेचदा नुसती महाग असते. 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' छापलेल्या खोक्यात दक्षिणेतला आंबा विकला जातो, त्यामुळे ओळखीचा विक्रेता किंवा थेट बागायतदार हेच खरं. आढीत पिकलेल्या आंब्याला देठाशी वास येतो, रंग सगळीकडे सारखा पिवळाधमक नसतो आणि साल किंचित सैलावलेली असते. पिवळा दिसतो पण वास नाही आणि दाबला तर दगड, असा आंबा घेऊ नका. कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, तरी खात्री नसेल तर हिरवी पेटी घेऊन घरी गवतात पिकवणं सर्वांत चांगलं. आमरसाला पायरी घ्या. हापूस कापून खावा, असं आमच्याकडचं मत आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत.

घाऊक बाजार वाशीला. पण पाहायची मजा क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत. इमारत १८६९ ची आहे. आंब्याच्या नादात ताडगोळे विसरू नका. पालघर, डहाणू, वसईकडून येणाऱ्या बायका स्टेशनांबाहेर ते विकतात. सकाळी घ्यायचे, दुपारपर्यंत संपवायचे. पुढे करवंदं, जांभळं, जाम येतात.

या दिवसांत ट्रेक करावा का?

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जरूर. पुढे फक्त झाडीतला आणि छोटा. कर्नाळा मला या ऋतूत सर्वांत आवडतं. पनवेलच्या पुढे गोव्याच्या रस्त्यावर अभयारण्य आहे, वाट बरीचशी सावलीतली, वाटेत पळस आणि पक्षी, वर किल्ल्याचा सुळका. दहाच्या आत खाली उतरायचं. माथेरानही उत्तम. दस्तुरीला गाड्या थांबतात आणि पुढे लाल मातीच्या सावलीच्या वाटा. उघड्या कातळाचे आणि उभ्या चढाचे किल्ले पावसाळा संपेपर्यंत बाजूला ठेवा. गवत सुकलेलं असतं, घसाऱ्यावर पाय निसटतो आणि टाक्यांचं पाणी आटलेलं असतं. माणशी तीन लिटर पाणी. जंगलात विडी-सिगारेट, चूल, काही नाही. या महिन्यांतले बहुतेक वणवे माणसांनीच लावलेले असतात.

कान्हेरी, घारापुरी, अलिबाग यांपैकी एकच दिवस असेल तर?

कान्हेरी. राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, दरवाजापासून भाड्याच्या सायकलने किंवा बसने जाता येतं. शंभराहून जास्त लेणी, आणि बहुतेक लेण्यांबाहेर कातळात खोदलेली पाण्याची पोढी. पावसाचं पाणी उतारावरच्या पन्हळींतून पोढीत आणायची ती योजना उन्हाच्या दिवसांतच नीट लक्षात येते, कारण आसपास सगळं सुकलेलं असताना तिथे पाणी असतं. सोमवारी बंद.

घारापुरीला गेटवेहून बोटीने तासभर लागतो, तीही सोमवारी बंद. पहिल्या बोटीने जा, लाईफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. सदाशिवाची मूर्ती सकाळी कमी गर्दीत पाहावी. अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडी घेऊन जाता येतं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं असेल तर एक लक्षात ठेवा: अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराची, त्यामुळे पाणी पूर्ण हटत नाही. तिथल्या घोडागाडीवाल्यांना विचारूनच पाण्यात उतरा.

रविवारी कुठेही निघताना आधी मेगाब्लॉक बघा.

आई-बाबांना जास्त चालवत नाही. त्यांना कुठे न्यावं?

मलबार हिलचा उन्नत मार्ग. कमला नेहरू उद्यानाजवळ झाडांच्या उंचीवरून जाणारी ४८५ मीटरची लाकडी पायवाट आहे. २०२५ च्या पाडव्याला ती खुली झाली. चढ-उतार फारसा नाही, मधे चौपाटीचं दर्शन. वेळ आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. सकाळी लवकरची वेळ मिळाली तर पक्षी भरपूर. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणं आहेच, त्याला नोंदणी लागत नाही.

मुलांची परीक्षा मार्च-एप्रिलमध्येच असते. वेळ कुठून काढायचा?

बिल्डिंगच्या खाली. सकाळी शाळेच्या बसची वाट पाहताना 'टुक टुक टुक' असा एकसारखा आवाज येतो तो तांबट पक्ष्याचा. वाळलेल्या फांदीला गोल भोक पाडून तो घरटं करतो. एकदा फांदी सापडली की रोज दोन मिनिटं पुरतात. जवळच्या एका पिंपळाचा दर रविवारी एक फोटो काढायला मुलांना सांगा. पानगळ, तांबडी पालवी, पोपटी, मग हिरवी पानं, हे सगळं परीक्षा संपेपर्यंत त्यांच्याकडे जमा होतं.

आम्ही येणारच एप्रिलच्या शेवटी. मग सगळं हुकलं का?

नाही. टॅबेबुया, पळस, सावर गेलेले असतील, पण बहाव्याचे पिवळे घोस तेव्हाच सुरू होतात, आणि ताम्हणाची जांभळी फुलंही. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, राणीच्या बागेत सहज दिसतं. फ्लेमिंगोही बरेचसे असतात. हापूस तर ऐन भरात. फक्त बाहेर पडायची वेळ आणखी तासभर अलीकडे ओढा: सकाळी सहाला घराबाहेर, नऊला परत. घारापुरीची बोट मात्र मे संपायच्या आत गाठा, पुढे पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात.